किराण्याचं बिल वारंवार चुकतं? गर्दीतही पावती तपासायची पद्धत

बिल चुकल्याचं बहुतेक वेळा घरी पिशव्या रिकाम्या करताना लक्षात येतं. एकच पाकीट दोनदा लागलेलं असतं, सवलत आहे म्हणून उचललेली वस्तू पूर्ण दरानं आलेली असते, नाहीतर सुट्या मालाची रक्कम भलतीच असते. तोवर उशीर झालेला असतो. दोन नव्हे, एकच पाकीट नेलं होतं, हे दुकानाबाहेर पडल्यावर दाखवून द्यायचं कसं? म्हणून पावती तपासायची ती काउंटर आणि दार यांच्या मधल्या वेळात. मागे रांग असताना त्यासाठी जेमतेम एक-दोन मिनिटं मिळतात.

ती मिनिटं बहुतेक जण चुकीच्या जागी घालवतात. पावती हातात आली की नजर थेट खालच्या एकूण रकमेवर जाते. आकडा अंदाजापेक्षा फारच मोठा वाटला तरच वरच्या ओळी वाचल्या जातात. पण बेरीज यंत्र करतं आणि ती जवळजवळ नेहमीच बरोबर असते. चूक असते ती यंत्राला काय दिलं गेलं त्यात: किती नग, कोणती वस्तू, कुठला दर, किती वजन आणि सवलत लागली की नाही. शिवाय चाळीस-पन्नास नगांच्या बिलात एका पाकिटाची चूक एकूण आकड्यात विरघळून जाते. त्यामुळे बेरीज करत बसू नका. खाली दिलेल्या जागा ठरलेल्या क्रमानं बघा.

पावती वाचताना आधी हे ओळखा

प्रत्येक ओळीत साधारण चार गोष्टी असतात: वस्तूचं नाव, नग किंवा वजन, दर आणि रक्कम. नाव बहुधा अर्धवट कापलेलं असतं, कारण पावतीचा रोल ८० मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद, ५८ मिलिमीटर रुंद असतो आणि तेवढ्यात सगळे रकाने बसवायचे असतात. नावातले शेवटचे शब्द गळतात, आणि नेमका आकार किंवा प्रकार शेवटीच लिहिलेला असतो. अर्धा किलोचं आणि एक किलोचं पाकीट पावतीवर एकाच नावानं दिसू शकतं. अशा ओळीत नावावर जाऊ नका, दर बघा.

खालच्या बाजूला दोन वेगवेगळ्या मोजण्या छापलेल्या असू शकतात: एकूण ओळी आणि एकूण नग. एकाच साबणाच्या सहा वड्या एका ओळीत आल्या तर ओळ एक, नग सहा. ताळा जमवायचा तो नगांशी. वजनाच्या मालाबाबत यंत्रं सारखं वागत नाहीत. काहींत दीड किलोची पिशवी एक नग म्हणून मोजली जाते, तर काहींत वजनाचा आकडा जसाच्या तसा नगांत मिळवला जातो आणि एकूण नग २३.४८५ असा विचित्र आकडा दिसतो. हा आकडा चुकीचा नाही. तो पूर्णांक करायचा तर वजनाच्या ओळी बाजूला काढून फक्त नगाच्या ओळी मोजायच्या.

रकमेपुढे एखादं अक्षर किंवा चिन्ह असतं ते सहसा कराचा गट दाखवतं, त्याचा अर्थ पावतीच्या तळाशी दिलेला असतो. वजा चिन्हाच्या ओळी दोन प्रकारच्या असतात, सवलतीच्या आणि रद्द केलेल्या वस्तूच्या. या दोन्हींत गल्लत करू नका. त्यांच्याकडे पुढे पुन्हा येऊ.

अर्धं काम रांगेतच होतं

काउंटरवर तपासणी सोपी होईल की अवघड, हे ट्रॉली रिकामी कशी केली यावर ठरतं. वस्तू हाताला येतील तशा पट्ट्यावर टाकल्या तर पावतीतही त्या विस्कळीत येतात आणि एक साबण कुठे, दुसरा कुठे, असं शोधत बसावं लागतं. त्याऐवजी सारख्या वस्तू एकत्र ठेवा. सगळा वजनाचा माल एका जागी ठेवा. सवलतीच्या वस्तू सगळ्यात शेवटी ठेवा, म्हणजे पावतीत त्या तळाशी एकाखाली एक येतात आणि सवलतीच्या ओळीही बहुधा तिथेच सापडतात.

सामान मांडताना नग मोजा. पाचाच्या गटांनी मोजलं की चाळीस-पन्नास नग अर्ध्या मिनिटात होतात. तो एक आकडा फोनवर किंवा यादीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. संपूर्ण तपासणीत सगळ्यात जास्त उपयोगाची गोष्ट हीच आहे. दुसरं काहीच जमलं नाही तरी हे करा.

प्रत्येक वस्तूचा दर लिहून ठेवायची गरज नाही. गर्दीच्या वेळी ते कुणाला जमत नाही आणि मग सगळीच तपासणी सोडून दिली जाते. फक्त तीन प्रकारच्या वस्तूंचा फळीवरचा दर फोटोत टिपा: सवलतीची पाटी लावलेल्या, नेहमीपेक्षा महाग असलेल्या, आणि ज्यांच्यावर बारकोडच नाही अशा. फोटोत पाटी आणि वस्तू दोन्ही यायला हव्यात. नुसत्या पाटीचा फोटो पुढे वाद घालायला कामाचा नाही, कारण ती पाटी शेजारच्या वस्तूची असू शकते.

लक्षण: एक वस्तू घेतली, पावतीत दोन

काउंटरवरचं बारकोड वाचणारं यंत्र एकच कोड लगोलग दोनदा वाचू नये म्हणून मध्ये थोडा वेळ थांबतं. वस्तू काचेवरून सरळ पुढे गेली तर काही बिघडत नाही. ती तिथेच रेंगाळली, बाजूला सरकून पुन्हा काचेसमोर आली किंवा पिशवीत टाकताना हात परत त्याच वाटेनं गेला, तर तो वेळ उलटून गेलेला असतो आणि यंत्राच्या दृष्टीनं ती नवी वस्तू ठरते. 'टिंग' आवाज होतोच, पण शेजारच्या चार काउंटरांच्या आवाजात तो कानावर येत नाही.

पावतीत ही चूक दोन रूपांत दिसते. सारख्या वस्तू यंत्र वेगवेगळ्या ओळींत छापत असेल तर एकाच नावाच्या दोन ओळी लागोपाठ येतात आणि पटकन नजरेत भरतात. यंत्र त्या एका ओळीत जमा करत असेल तर फक्त नगाच्या रकान्यात १ च्या जागी २ दिसतो, आणि तो सहज सुटतो. म्हणून पावती हातात आल्यावर नजर आधी नगाच्या रकान्यावरून वरून खाली एकदा फिरवा. १ सोडून दुसरा जो आकडा दिसेल तिथेच थांबा आणि त्या वस्तू खरंच तेवढ्या घेतल्या का ते आठवा. हे दहा सेकंदांचं काम आहे.

याच रकान्यात बोटाची चूकही सापडते. एकाच वस्तूचे बरेच नग असले की कॅशिअर संख्या टाइप करून एकच नग स्कॅन करतात. वेळ वाचतो, पण ३ च्या जागी ३३ किंवा २ च्या जागी १२ पडू शकतात. आकडा इतका मोठा असेल तर एकूण रक्कमही डोळ्यांत येते. खरी फसगत ४ च्या जागी ५ पडल्यावर होते.

दुहेरी ओळ काउंटरवर लक्षात आणून दिली तर कॅशिअर ती रद्द करतात आणि पावतीत त्याच वस्तूची वजा ओळ येते. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाव तेच आहे का, नग तेवढाच आहे का आणि रक्कम मूळ ओळीइतकीच आहे का, हे तीनही जुळायला हवं. घाईत शेजारच्या वस्तूची ओळ रद्द होते, मग एक वस्तू दोनदा लागलेली तशीच राहते आणि दुसरी पावतीतून गायब होते. ती दुसरी वस्तू परत करायची वेळ आली तर हातात पुरावा उरत नाही.

लक्षण: वस्तू बरोबर, दर भलताच

फळीवरची पाटी आणि काउंटरचं यंत्र यांचा दर एकाच ठिकाणाहून येत असला तरी एकाच वेळी बदलत नाही. यंत्रातली दरांची यादी साधारणपणे दुकान बंद असताना एकदम बदलली जाते. कागदी पाट्या मात्र माणसानं फळीफळीनं फिरून बदलायच्या असतात. नवा दर लागू झाला आणि जुनी पाटी तशीच राहिली की तफावत आलीच. सवलत सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी आणि संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ही शक्यता सगळ्यात जास्त असते. पाटीवर बारीक अक्षरांत मुदतीच्या तारखा असतात, त्या वाचा.

दुसरं कारण ग्राहकांच्या हातातून येतं. कुणीतरी नको झालेलं पाकीट भलत्याच पाटीखाली ठेवून जातं, पुढचा माणूस ते त्या दरानं समजून उचलतो. यावर उपाय सोपा आहे. अनेक दुकानांत पाटीवर वस्तूचा बारकोड क्रमांक छापलेला असतो. पाकिटावरच्या क्रमांकाचे शेवटचे चार-पाच अंक त्याच्याशी जुळवून बघा. जुळले तर पाटी त्याच वस्तूची. नाव आणि चित्र जुळणं पुरेसं नाही, कारण एकाच नावाच्या लहान-मोठ्या पाकिटांचे क्रमांक वेगळे असतात आणि सवलत बहुतेक वेळा एकाच आकारावर असते.

एका वेष्टनात गुंडाळलेल्या सहा बाटल्यांचा प्रश्न वेगळा. बाहेरच्या वेष्टनाला स्वतंत्र बारकोड असतो आणि आतल्या प्रत्येक बाटलीलाही. पारदर्शक वेष्टनातून आतला कोड वाचला गेला तर सहा बाटल्यांना एका बाटलीची रक्कम लागते. मग कॅशिअर सहा नग टाकून ती दुरुस्त करतात, आणि एकत्र घेतल्याचा जो कमी दर मिळायचा तो जातो. पावतीत अशी वस्तू १ नग आणि पूर्ण संचाचा दर अशी दिसायला हवी. ६ नग आणि सुट्या बाटलीचा दर दिसला तर विचारा.

एकाच कंपनीच्या चार स्वादांची चार पाकिटं घेतली आणि एकच चार वेळा स्कॅन झालं, तर चारही दर सारखे असले तरच रक्कम बरोबर येते. दर सारखे असले तरी ही पद्धत चालवून घेऊ नये. दुकानाचा साठा चुकतो, आणि उरलेल्या तिघांतलं एखादं पाकीट खराब निघालं तर ते पावतीत नसतंच.

लक्षण: सुट्या मालाची रक्कम पटत नाही

इथे जरा जास्त वेळ द्या, कारण बारकोडची पाकिटं आणि वजनाचा माल यांत एक मूलभूत फरक आहे. पाकिटावरचा कोड कारखान्यातून येतो. तेरा अंकी बारकोडचा शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून काढलेला असतो: डावीकडून एकाआड एक अंकाला १ आणि ३ नं गुणून बेरीज करायची आणि ती दहाच्या पटीत यायला जेवढं कमी पडेल तो शेवटचा अंक. कोड वाचला जात नाही म्हणून हातानं टाइप केला आणि त्यातला एखादा अंक चुकला, तर हिशेब जुळत नाही आणि यंत्र तो नाकारतं. शेजारचे दोन अंक उलटेपालटे झाले तरी बहुतेक वेळा चूक पकडली जाते. फक्त त्या दोन अंकांत ५ चा फरक असेल, समजा २७ च्या जागी ७२ पडले, तर ती निसटते. असा चुकीचा कोड दुकानाच्या यादीत सापडला तरच भलती वस्तू लागते, त्यामुळे हे क्वचितच घडतं.

सुट्या फळा-भाज्यांवरच्या चार अंकी क्रमांकांना ही राखण नाही. हे क्रमांक इंटरनॅशनल फेडरेशन फॉर प्रोड्यूस स्टँडर्ड्स ही संस्था ठरवते, उदाहरणार्थ साध्या पिवळ्या केळ्यांचा ४०११. सेंद्रिय मालासाठी त्यापुढे ९ लागतो, म्हणजे ९४०११. शेवटी पडताळणीचा अंक नाही. कॅशिअरचं एक बोट शेजारच्या कळीवर पडलं की दुसरंच फळ लागतं आणि यंत्र हूं की चूं करत नाही. सेंद्रियाचा ९ चुकून पडला तर नाव जवळपास तेच, दर मात्र वेगळा. म्हणून वजनाच्या ओळीत नाव शेवटपर्यंत वाचा.

मग वजन. तीन ठिकाणी गडबड होते. पहिलं ठिकाण म्हणजे काटा. माल ठेवण्याआधी पडद्यावर शून्य दिसायला हवं. पारड्यावर आधीच्या मालाचं देठ, पिशवीचा कोपरा किंवा कुणाचा हात टेकलेला असेल तर वजन वाढतं. दुसरं ठिकाण डब्याचं किंवा पिशवीचं वजन. ते आधी काट्यावर वजा करून घ्यायचं असतं. ३५ ग्रॅमच्या डब्यात २५० ग्रॅम माल असेल आणि डबा वजा केला नसेल तर १४ टक्के जास्त रक्कम लागते. तोच डबा दोन किलो मालाला असेल तर तफावत दोन टक्क्यांहून कमी. म्हणजे थोडा आणि महाग माल जड डब्यात घेतला असेल तिथेच डोळ्यात तेल घालून बघा. पिशवीला लावलेल्या वजनाच्या चिकटपट्टीवर (लेबलवर) निव्वळ वजन आणि एकूण वजन असे दोन आकडे असतील तर रक्कम निव्वळ वजनावर धरलेली असायला हवी.

तिसरं ठिकाण चिकटपट्टी स्वतः. दुकानातच वजन करून लावलेल्या पट्टीवरचा तेरा अंकी कोड साधारणपणे २ नं सुरू होतो. २० ते २९ नं सुरू होणारे कोड बारकोडचे नियम ठरवणाऱ्या जीएस१ या संस्थेच्या पद्धतीत अशा अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले आहेत. त्यात वस्तूचा क्रमांक असतो आणि त्यापुढे त्या पिशवीचं वजन किंवा थेट रक्कमच गुंफलेली असते. कोणते अंक कशाचे हे ठिकाणानुसार बदलतं, पण पट्टीवर छापलेली रक्कम किंवा वजन कोडच्या शेवटच्या भागात बहुधा ओळखू येतं. काउंटरवरचं यंत्र पुन्हा वजन करत नाही, पट्टीवर आहे ते वाचतं. त्यामुळे आधीच्या ग्राहकाची पट्टी तुमच्या पिशवीला लागली असेल तर काउंटरवर ती चूक पकडली जाणार नाही. ती वजनकाट्यापाशीच पकडायची: पट्टी लागताक्षणी नाव आणि वजन वाचा, मगच पिशवी ट्रॉलीत टाका.

गुणाकार तपासायला कॅल्क्युलेटर लागत नाही. वजन जवळच्या पाव किलोवर आणा. दर किलोला ८४ आणि वजन ०.७४५ असेल तर पाऊण किलो धरा: अर्ध्याचे ४२, पावाचे २१, मिळून ६३. पावतीत ६२ आणि काही दिसलं तर ठीक. ७५ दिसले तर वजन किंवा दर यांपैकी काहीतरी चुकलंय. पाटीवरचा दर किलोचा आहे की शंभर ग्रॅमचा, हेही एकदा बघा. पाटी शंभर ग्रॅमची आणि पावती किलोची असली की काहीच चुकलेलं नसताना चूक वाटते.

लक्षण: सवलत लागलीच नाही

गर्दीत सगळ्यात जास्त वाद या कारणावरून होतात, आणि बऱ्याच वेळा सवलत लागलेली असते पण दिसत नाही. ती दाखवायच्या तीन पद्धती आहेत. एकीत वस्तूच्या ओळीतच कमी दर छापला जातो. दुसरीत ओळीखाली लगेच वजा ओळ येते. तिसरीत सगळ्या सवलती पावतीच्या तळाशी, बेरजेनंतर एकत्र येतात. या तिसऱ्या पद्धतीत स्कॅन चालू असताना पडद्यावर पूर्ण दर दिसत राहतो आणि कॅशिअरनी एकूण रकमेची कळ दाबल्यावरच तो कमी होतो. म्हणून वस्तू स्कॅन होताक्षणी कॅशिअरना थांबवू नका. एकूण रक्कम येऊ द्या, आणि पैसे देण्याआधी विचारा. हीच योग्य वेळ आहे, कारण पैसे देईपर्यंत दुरुस्ती म्हणजे एक ओळ बदलणं. नंतर मात्र ती परतावा होते.

खरोखरच लागली नसेल तर कारणं ठरलेली असतात. अट तीन नगांची आणि स्कॅन झाले दोन, कारण तिसरा 'मोफत आहे' म्हणून तसाच पिशवीत गेला. मोफत नगही स्कॅन व्हायलाच हवा, त्याशिवाय अट पूर्ण झाल्याचं यंत्राला कळत नाही. किंवा एक नग वेगळ्या आकाराचा होता. किंवा सामान दोन बिलांत विभागलं आणि अटीतले नग दोन्हीकडे पडले. किंवा सदस्य क्रमांक सांगायचा राहिला. काही यंत्रं पैसे भरल्यावर तो क्रमांक घेतच नाहीत, त्यामुळे तो पहिली वस्तू स्कॅन होण्याआधी सांगून टाकावा. ठराविक रकमेच्या खरेदीवर मिळणाऱ्या सवलतीत ती रक्कम बहुधा बाकीच्या सवलती वजा केल्यावर मोजली जाते, आणि थोडक्यानं मर्यादा हुकते.

टक्क्यांच्या दोन सवलती एकत्र येतात तेव्हा त्यांची बेरीज करू नका. आधी २० टक्के आणि उरलेल्या रकमेवर १० टक्के म्हणजे १०० चे ८०, मग ७२. एकूण २८ टक्के. पावतीत ३० ऐवजी २८ दिसले तर यंत्र चुकलेलं नाही.

दोनावर एक मोफत असेल तर काही यंत्रं मोफत नगाची रक्कम तिन्ही नगांवर वाटून टाकतात. तिन्ही ओळींत एकतृतीयांश कमी दर दिसतो आणि शून्य रकमेची ओळ कुठेच नसते. बेरीज तीच येते. पण यातला एक नग परत केला तर परतावाही त्या कमी दरानं मिळतो, हे ध्यानात ठेवा.

लक्षण: न घेतलेलीच वस्तू पावतीत

पट्ट्यावर पुढच्या-मागच्या ग्राहकाच्या सामानात आडवी पट्टी ठेवली नसेल तर त्यांच्या वस्तू तुमच्या बिलात शिरतात. अशा वस्तू पावतीच्या अगदी वर किंवा अगदी तळाशी असतात. पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन ओळी वाचल्या की पुरे.

दुसरी वाट बाजूला ठेवलेल्या बिलाची. एखादा ग्राहक काही आणायला परत जातो, कॅशिअर त्याचं अर्धवट बिल बाजूला ठेवून पुढच्याचं करतात. परत उघडताना भलतंच बिल उघडलं किंवा आधीचं बंद न होता त्यातच स्कॅन सुरू झालं, तर तुमच्या पावतीत ओळखीच्या नसलेल्या बऱ्याच ओळी एकगठ्ठा दिसतात. इथे एकेक ओळ रद्द करण्यापेक्षा बिल पूर्ण रद्द करून नव्यानं करणं बरं. एरवी मात्र एका चुकीसाठी सगळं बिल नव्यानं करून घेऊ नका. पुन्हा पन्नास वस्तू स्कॅन होणार म्हणजे पुन्हा चुकायला तेवढ्या जागा, आणि पहिल्या वेळी तपासलेलं सगळं वाया.

पैसे देताना

कार्डाचं यंत्र बिलाच्या यंत्राला जोडलेलं नसेल तर रक्कम कॅशिअर हातानं टाइप करतात. पिन टाकण्याआधी त्या छोट्या पडद्यावरचा आकडा बिलाशी जुळवा. एक शून्य जास्त पडणं किंवा दोन अंक उलटे पडणं इथेच होतं.

व्यवहार फसला असं यंत्रानं दाखवलं आणि दुसऱ्यांदा पैसे द्यायला सांगितलं, तर फसल्याची चिठ्ठी मागून घ्या. खात्यातून रक्कम अडकलेली दिसू शकते. अशी अडकलेली रक्कम बऱ्याचदा आपोआप सुटते, पण ती कुठल्या व्यवहाराची हे सांगायला त्या चिठ्ठीवरचा क्रमांक आणि वेळ लागते. रोख देत असाल तर दिलेली रक्कम आणि परत मिळणारी रक्कम दोन्ही पावतीवर छापलेल्या असतात. सुटे पैसे पाकिटात जाण्याआधीच मोजा, एकदा ते आधीच्या नोटांत मिसळले की काही सांगता येत नाही.

दारापर्यंतच्या दोन मिनिटांत क्रम असा ठेवा

काउंटरवरून बाजूला व्हा, रांगेचा दबाव गेला की नजर नीट चालते. आधी एकूण नग तुमच्या मोजणीशी जुळवा. जुळले तर दुहेरी ओळ आणि दुसऱ्याची वस्तू हे दोन्ही प्रश्न बहुतेक मिटले. एक वस्तू जास्त आणि एक कमी असं झालं तरच ताळा फसवतो. मग नगाच्या रकान्यातले १ सोडून बाकी आकडे. मग वजनाच्या ओळी, नाव आणि ढोबळ गुणाकार. मग फोनमध्ये फोटो असलेल्या सवलतीच्या वस्तू. सगळ्यात शेवटी वजा ओळी, एकेक करून. कर दरात धरलेला आहे की शेवटी वेगळा लावला आहे, हे नेहमीच्या दुकानात एकदाच बघून ठेवलं की पुन्हा बघायची गरज नाही.

नग जुळले नाहीत तर पिशव्या रस्त्यात उलट्या करू नका. फरक किती नगांचा आहे ते बघा आणि तेवढ्याच नगाच्या सारख्या वस्तू पावतीत शोधा. एकाचा फरक असेल तर बहुधा दोनदा स्कॅन झालेलं पाकीट, पाच-सहाचा असेल तर संच किंवा टाइप केलेली संख्या.

चूक सापडली तर

वस्तू न उघडता, पावती आणि फोटो घेऊन दुकानातून बाहेर पडण्याआधी ग्राहक काउंटरवर जा. 'बिल चुकलंय' एवढंच म्हणू नका. ओळ दाखवा: 'ही वस्तू पावतीत दोन नग आहे, पिशवीत एक आहे', किंवा 'पाटीवर हा दर आहे, मुदत आजची आहे, पावतीत हा लागलाय'. ऐकणाऱ्याला काय तपासायचं ते लगेच कळतं. परतावा ज्या मार्गानं पैसे दिले त्याच मार्गानं घ्या आणि त्याची वेगळी पावती मागा. त्यातली रक्कम सवलत धरून काढली आहे का ते जागेवरच बघा. दोनावर एक मोफत असलेल्या संचातला एक नग रद्द झाला तर अट मोडते आणि बाकीच्या दोघांचे दर बदलतात.

तुम्हाला कमी रक्कम लागल्याचं दिसलं तरी सांगा. बऱ्याच ठिकाणी दिवसअखेरीचा हिशेब जुळवायची जबाबदारी कॅशिअरवर येते.

पावतीचा कागद उष्णतेनं काळा पडणाऱ्या लेपाचा असतो, म्हणून त्याच्यावरची छपाई ऊन, गरम गाडी आणि काही प्रकारचं प्लॅस्टिक यांच्यामुळे वाचेनाशी होते. परत करायची शक्यता असलेल्या वस्तूंच्या पावतीचा त्याच दिवशी सपाट जागेवर ठेवून फोटो काढा. लांब पावती असेल तर दोन-तीन तुकड्यांत, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या तुकड्याच्या दोन ओळी यायला हव्यात.

तीच चूक पुन्हा पुन्हा होत असेल

सापडलेल्या चुका एका जागी लिहून ठेवा: तारीख, वस्तू, चुकीचा प्रकार, काउंटरचा क्रमांक. पाच-सहा नोंदी झाल्या की कारण आपोआप पुढे येतं. वस्तू वेगवेगळ्या आणि काउंटर एकच असेल तर तिथलं बारकोड यंत्र किंवा तिथली काम करायची पद्धत बघायला हवी, आणि तुम्ही काउंटर बदलला तरी भागतं. चूक नेहमी वजनाच्या मालात असेल तर काटा आणि डब्याचं वजन. वस्तू एकच आणि काउंटर कुठलाही असेल तर दोष यंत्रातल्या दरांच्या यादीत किंवा पाटीत आहे. ती यादी सगळ्या काउंटरना एकच असते, त्यामुळे कॅशिअरशी कितीही बोललं तरी उपयोग नाही. त्या दिवसाचे पैसे परत मिळतील आणि पुढच्या खेपेला तेच होईल. अशा वेळी पाटीचा फोटो आणि वस्तूचा तेरा अंकी क्रमांक व्यवस्थापकांकडे द्या, आणि यादीतला दर दुरुस्त झाला की नाही हे दुकानात दर तपासायचं यंत्र असेल तर त्यावर ती वस्तू धरून पुढच्या वेळी आत शिरतानाच बघून घ्या.